लांबच्या वाटेचा माणूस : सलीम अली

गेल्या डिसेंबरात पप्पा बोटीवरून सुट्टीला आले, तेव्हा एका सकाळी आम्ही दोघं रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो. खास कारण काही नव्हतं. पप्पा वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर असतात आणि परत आले की पहिले काही दिवस त्यांना घरात करमत नाही. ओहोटीची वेळ होती. खारफुटीच्या मुळांपाशी चिखल उघडा पडला होता आणि त्यावर मूठभर आकाराचे करडे पक्षी लगबगीने काहीतरी टिपत फिरत होते. पप्पांनी मला विचारलं, एवढेसे हे पक्षी येतात तरी कुठून? मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. चातक, चकोर, राजहंस मला कवितेतून माहीत. पण समोरच्या चिखलातल्या पक्ष्याचं नाव सांगता येईना. पाटीवर मात्र एक नाव होतं : डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य.

ते पक्षी चिखल्या होते हे नंतर कळलं. त्यांचं वजन साधारण साठ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं. उन्हाळ्यात ते लडाख-तिबेटच्या पठारावर अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. मध्ये हिमालय आहे, ही गोष्ट त्यांना अडवत नाही. आणि पाटीवर ज्यांचं नाव आहे त्या माणसाने असल्याच पक्ष्यांच्या वाटा शोधण्यात आयुष्य घालवलं. पप्पांना सांगायची म्हणून त्यांची गोष्ट मी वाचायला घेतली. तीच आता मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. भावंडांतलं ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरात वाढवलं. त्या घरात शिकारीची आवड होती, त्यामुळे मुलाच्या हातात छऱ्यांची बंदूक लवकर आली. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी पाडली. उचलून बघतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

एखाद्या गोऱ्या साहेबाने त्या काळी मेलेली चिमणी घेऊन आलेल्या पोराला दारातूनच परत लावलं असतं. मिलार्डनी तसं केलं नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, मग कपाटांतले खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. मुलाला त्या दिवशी कळलं की पक्ष्यांकडे फक्त नेम धरून बघायचं नसतं, आणखीही एका तऱ्हेने बघता येतं. सलीम अलींच्या पुढच्या आयुष्याची सुरुवात ती चिमणी आहे असं सगळेच सांगतात. मला मात्र वाटतं की मिलार्डनी दिलेला तो तासभर वेळ ही खरी सुरुवात.

शाळेत त्यांची प्रगती बेताचीच. डोकेदुखीचा त्रास जडला म्हणून हवापालटासाठी सिंधमध्ये पाठवलं, त्यात वर्ष मोडलं. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. मग सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिलं वर्षच जड गेलं आणि त्यांनी कॉलेज सोडलं. आपल्या वर्गातल्या ज्यांचे पेपर राहिले आहेत त्यांनी इथे थोडा धीर घ्यायला हरकत नाही.

कॉलेज सोडून ते गेले ब्रह्मदेशात, तवायला. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. ज्या धातूची तार विजेच्या दिव्यात लावतात त्या टंगस्टनची ती खाण. धंदा सांभाळायला गेलेला हा तरुण आसपासच्या जंगलातच जास्त रमला. १९१७ साली मुंबईला परतले तेव्हा पुढे काय करायचं हा प्रश्न होताच. व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला त्यांनी दावर कॉलेजात नाव घातलं. या वेळी त्यांना भेटले फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू, सेंट झेवियर्समधले वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. मिलार्ड आणि ब्लॅटर यांनी मिळून भारतातल्या सुंदर झाडांवर लिहिलेलं पुस्तक आजही जुन्या ग्रंथालयांत सापडतं. या मुलाचा जीव हिशेबात नाही हे फादरांनी ओळखलं आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सकाळी दावर कॉलेज आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे तास, अशी दुहेरी कसरत सुरू झाली. तो अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला, पण रीतसर पदवी हाती आली नाही. ज्याच्या नावापुढे आज आपण सहज डॉक्टर लावतो, त्याची डॉक्टरेट विद्यापीठांनी पुढे सन्मानाने दिलेली आहे.

१९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचं लग्न झालं. इथून पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे एकामागून एक बंद होणारी दारं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण पदवी नाही म्हणून मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना साडेतीनशे रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. प्रेक्षकांना काचेमागचे पेंढ्याचे पक्षी समजावून सांगायचे हे काम. दोन वर्षांत त्यांना जाणवलं की आपल्याला अजून खूप शिकायचं आहे. रजा काढून ते बर्लिनला गेले. तिथे प्रोफेसर एर्विन श्ट्रेसेमान यांनी त्यांना हाताखाली घेतलं.

जर्मनीतल्या त्या काळात ते हेल्गोलँडला गेले. उत्तर समुद्रातलं हे एक चिमुकलं बेट. समुद्र ओलांडणारे हजारो पक्षी दमून भागून तिथे उतरतात. तिथल्या केंद्रात पक्षी जाळ्यात धरत, पायात धातूचं हलकं कडं घालत आणि सोडून देत. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. जगात कुठेही तो पक्षी कुणाला सापडला आणि त्या माणसाने कळवलं, तर दोन ठिकाणं जोडली जायची. किती साधी युक्ती! आपल्याकडे धार संस्थानात १९२० च्या दशकात बदकांच्या पायात अशी कडी घालायला सुरुवात झालेली होती, पण काम फार मोठं झालं नव्हतं. सलीम अलींनी हे तंत्र हेल्गोलँडला स्वतःच्या हाताने शिकून घेतलं. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर वापरायला मात्र त्यांना पुढे तीस वर्षं थांबावं लागलं.

१९३० साली परत येतात तर पैसे नाहीत म्हणून त्यांची म्युझियममधली जागाच रद्द झालेली. हाताशी उत्तम शिक्षण आणि नोकरी नाही, ही परिस्थिती आजही कुणाला अनोळखी नसेल. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. दुसरं काम नाही तर हेच बघू, म्हणून ते रोज तासन्‌तास घरट्यांकडे बघत बसले. त्यांना दिसलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर घरटं पुरं करतो आणि शेजारी लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीचा खोपा आपण बहिणाबाईंपासून ओळखतो, पण तो विणणारा नर असतो आणि त्याचा संसार असा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी चालतो, हे किहीममधल्या त्या बेकार माणसाने नीट पाहून लिहिलं.

त्यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. संस्थानांमध्ये कुठले पक्षी आहेत याची नीट नोंद नव्हती आणि सोसायटीकडे पगारी पक्षितज्ज्ञ नेमण्याइतका पैसा नव्हता. सलीम अलींनी सांगितलं की मला पगार नको, तंबू आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. पहिलं काम निजामाच्या हैदराबाद संस्थानात झालं, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. आपल्या अंकाचे वाचक ज्या गावांत राहतात त्यांतल्या काही गावांच्या आसपास हा किडकिडीत माणूस बैलगाडीतून, घोड्यावरून, पायी हिंडून गेलेला आहे. तेहमिना बरोबर असायच्या. शहरात आणि परदेशात वाढलेल्या या बाईंनी तंबूतला संसार हसतमुखाने केला. नवऱ्याच्या लिखाणातली इंग्रजी सुधारण्यातही त्यांचा हात होता.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी परत लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि हळूहळू ते कामाकडे वळले. दोनच वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं चित्रांसहित पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखण्याची वाट मोकळी झाली. या दोन वर्षांबद्दल वाचताना मला त्यांच्या आयुष्यातले मोठे सन्मान फिके वाटले. दुःखाने माणूस मोडत नाही असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. माणूस मोडतो. पण कुणीतरी घरात घेतलं, वेळेवर ताट वाढलं, काही दिवस काहीही विचारलं नाही, तर तो पुन्हा निघू शकतो.

आणि इथेच मला ते पक्षी आठवतात. दूरच्या पल्ल्याचे पक्षी किती चिवट असतात हे आपण ऐकतो तेव्हा आपल्याला वाटतं की ते नुसत्या जिद्दीवर उडतात. तसं नसतं. निघण्याआधी कित्येक आठवडे ते फक्त खातात. चरबी साठवतात, कारण एवढ्याशा वजनात सर्वात जास्त ताकद चरबीतच मावते आणि ती जळताना शरीराला पाणीही मिळतं. शेपटीवर पट्टे असलेला गॉडविट नावाचा पाणपक्षी अलास्कातून निघतो तेव्हा त्याचं जवळजवळ अर्धं वजन चरबीचं असतं. शिवाय पोट, आतडी हे अवयव तो निघण्याआधी आकसून घेतो. वाटेत खायचंच नाही, तर ते ओझं कशाला? आणि मग तो अनुकूल वाऱ्याची वाट बघतो. २०२२ साली अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असलेला असा एक पक्षी अलास्कातून उडाला तो अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न थांबता, अन्नपाण्याशिवाय. घारीसारखं तरंगणं नाही, सतत पंख मारणं. वय? जेमतेम पाच महिने. आधी कधी न केलेला प्रवास.

पण याच पक्ष्याच्या परतीचा हिशेब वेगळा आहे. उत्तरेकडे जाताना हे गॉडविट पिवळ्या समुद्राच्या काठावर, चीन आणि कोरियाच्या चिखलात उतरतात, तिथे काही आठवडे पोटभर खातात आणि मगच अलास्काला जातात. तो चिखल भराव घालून बुजवला तर जगातला सर्वात दमदार पक्षीसुद्धा घरी पोचणार नाही. म्हणजे त्याचा दम फक्त त्याच्या छातीत नाही. तो वाटेतल्या थांब्यांतही आहे. सलीम अलींच्या आयुष्यातले थांबे मोजायचे तर मिलार्डचं ऑफिस, फादर ब्लॅटरांचा वर्ग, हेल्गोलँड, किहीमचं घर, बहिणीचं घर.

पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम त्यांच्या हाती आलं ते एका रोगामुळे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. आपल्याकडे सत्तरीत तोच रोग अलीकडे माकडताप म्हणून सगळ्यांना माहीत झाला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूसारखा दिसत होता. मग शंका आली की सायबेरियातून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आणत असतील का? हे शोधायचं तर कुठला पक्षी कुठून येतो हे आधी कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली, आणि साठीला टेकलेल्या सलीम अलींना तरुणपणी शिकलेलं काम मनासारखं करायला मिळालं.

भरतपूर, कच्छ, तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी तळ पडले. बारीक नायलॉनची जाळी आणि बिहारचे मीरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकण्यावर पोट असलेली ही माणसं. पक्ष्याला इजा न करता कसा धरायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. बाजारासाठी पक्षी धरणारे ते हात आता धरून, कडं घालून, सोडून देण्यासाठी वापरले गेले. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा अशी विनंती. काही वर्षांत कड्यांची संख्या लाखांच्या घरात गेली.

परत किती कळली? फार थोडी. लहान पक्ष्यांच्या बाबतीत तर हजारो कड्यांमागे एखादं. बहुतेक पक्षी कुठेतरी मरतात, कड्यासकट मातीत जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण अधूनमधून सायबेरियातून, कझाकस्तानातून पत्र यायचं की अमुक क्रमांकाचं बदक इथे सापडलं. भारतातल्या तलावाची आणि हजारो किलोमीटर दूरच्या दलदलीची गाठ त्या एका पत्राने पडायची. रोग पक्ष्यांनी आणला हा संशय काही सिद्ध झाला नाही. पण पक्ष्यांच्या वाटा मात्र नकाशावर दिसू लागल्या. नंतर या कामाला अमेरिकी सैन्याशी संबंधित पैसाही मिळाला आणि त्यावरून देशात बरंच वादळ उठलं, आरोप झाले. सलीम अलींना ते लागलं. काम थांबलं नाही.

त्यांचा स्वभाव गोडगोड नव्हता. वेळ पाळली नाही, नोंद ढिसाळ केली, की ते चिडायचे. मोटरसायकलचा भारी नाद. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षितज्ज्ञांची परिषद होती, तर आपली सनबीम मोटरसायकल बोटीवर चढवून युरोपला नेली आणि तिच्यावरून हिंडले. तेव्हा वय त्रेपन्न. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याचा पहिला खंड १९६८ साली आला तेव्हा ते बहात्तरीत होते आणि शेवटचा १९७४ साली. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सगळं झालं. १९७६ साली मिळालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कमही त्यांनी सोसायटीच्या कामासाठी दिली.

त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर ही नुसती आरती होईल. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारले. त्या काळच्या शास्त्राची ती रीत होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. भरतपूरचं प्रकरण जास्त अवघड आहे. व्हाइसरॉयच्या एका शिकारीत १९३८ साली एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले ते हे पाणथळ. स्वातंत्र्यानंतर ते आटवून शेती करायची मागणी झाली, तेव्हा ते वाचवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांच्या म्हशींना चरायला बंदी आली. ती बंदी यावी या मताचे तेही होते. १९८२ साली त्यावरून पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. आणि त्यांच्याच सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासात दिसलं ते असं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. ज्याने आयुष्यभर आधी नीट बघा मग बोला असं शिकवलं, त्याच्याकडून इथे म्हैस आणि तिचा मालक नीट बघायचे राहून गेले. माझ्या मनात त्यामुळे त्यांच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही, पण डोळे उघडे राहिले.

१९८५ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, द फॉल ऑफ अ स्पॅरो. चिमणीचं पडणं. रविवारी मिस्साला जाणाऱ्या कुणालाही हे नाव वाचून शुभवर्तमानातली ती चिमणी आठवेल, जी पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. शेक्सपिअरनेही ती हॅम्लेटमध्ये घेतली आहे. सलीम अलींच्या मनात बहुतेक खेतवाडीतली पिवळ्या गळ्याची चिमणी असणार. पण तेवढ्याने अर्थ बदलतो असं नाही. एक पक्षी पडतो आणि कुणीतरी त्याची दखल घेतं, दोन्हीकडे गोष्ट हीच आहे. लाखो पायांत क्रमांकाची कडी घालणं म्हणजे दुसरं काय होतं? प्रत्येकाला मोजायचं. परत कळलं नाही तरी.

२० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, कर्करोगाने मुंबईत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी चोडणच्या खारफुटीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ते गेल्यानंतर पक्ष्यांच्या पाठीवर बसतील अशी यंत्रं आली. त्यांच्या काळात एक टोक इथलं आणि एक टोक तिथलं एवढंच कळायचं, मधली सगळी वाट कोरी. आता ती वाट दिसते. अमूर ससाणा नावाचा दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी चीनच्या बाजूने येतो, नागालँडमध्ये उतरून किड्यांवर पोट भरतो, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातो. समुद्रावर थांबायला जागाच नाही. २०१२ साली नागालँडच्या त्या थांब्यावर हे ससाणे जाळ्यांत धरून प्रचंड संख्येने मारले जात होते. गावकरी, चर्च, वनखातं आणि निसर्गप्रेमी एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी ते थांबलं. मारणारे होते तेच राखणदार झाले.

सगळीकडे असं झालं नाही. भरतपूरला दर हिवाळ्यात सायबेरियाहून पांढरे क्रौंच यायचे. पाच हजार किलोमीटरहून लांबची वाट. सलीम अलींनी ते पाहिले होते. वाटेवर शिकार वाढली, पाणथळी आटल्या, संख्या दरवर्षी घटत गेली आणि २००२ नंतर ते आलेच नाहीत. त्यांच्या पंखांतला दम कमी पडला नव्हता. मधली वाट संपली होती.

फेब्रुवारीत पप्पा परत गेले. दरवेळी दाबोळीला त्यांना सोडायला जाताना मी त्यांना एकच विचारायची, परत कधी? आमच्यासारख्या तारवट्यांच्या घरात हाच प्रश्न असतो. येताना काय आणलं ते बघतो, गेलेला माणूस मजबूत आहे, तो काढेल दिवस, असं धरून चालतो. या वेळी मी त्यांना विचारलं की बोट मध्ये कुठे कुठे लागते, तिथे उतरता येतं का, बोलायला कोण असतं, जेवण कसं असतं. पप्पा आधी हसले. मग गाडीत बसल्या बसल्या बराच वेळ सांगत राहिले. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा ऐकलं.

येत्या जानेवारीत मंडळातर्फे एका रविवारी मिस्सा झाल्यावर चोडणला जायचं ठरवू या. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवायची, म्हणजे चिखल उघडा असेल. दुर्बीण एक असली तरी पुरे. आवाज करायचा नाही, फार जवळ जायचं नाही. ते तिथे फिरायला आलेले नसतात. पुढच्या वाटेची शिदोरी बांधत असतात, आणि त्यांना उडवून लावलं की तेवढी ती कमी पडते.